स्नॅग रजिस्टरमध्ये न लिहिलेली ओळ

चूक माझी होती, पण त्या दिवशी विमानाच्या कागदावर सही होती परशुरामअण्णांची.

मी बेंगळुरूत विमान चालवायला शिकवतो. आमची विमानं छोटी, चार आसनांची. परशुरामअण्णा आमचे इंजिनियर. त्यांची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही.

त्या सकाळच्या फेरीत वेग दाखवणारा काटा दोनदा अडकला, मग सुटला. असं काही दिसलं की स्नॅग रजिस्टरमध्ये, म्हणजे बिघाडांच्या वहीत, लिहायचं, हा नियम. पण लिहिलं की तपासणी होईपर्यंत विमान जमिनीवर. दुपारी कावेरीचं, माझ्या विद्यार्थिनीचं, लायसन्ससाठीचं शेवटचं लांबचं उड्डाण होतं. अशा वेळी आमच्यातले बरेच जण लिहीत नाहीत, संध्याकाळी चहाच्या वेळी तोंडी सांगतात. मीही तेच ठरवलं.

विमान कावेरी चालवत होती, मी तिच्या शेजारी. म्हैसूरहून परतताना रामनगरच्या पुढे ढग खाली आले. पावसात शिरलो आणि काटा नव्वदवरून घसरत चाळीसवर आला. एवढ्या कमी वेगात हे विमान हवेत टिकत नाही. शिकवल्याप्रमाणे कावेरीने विमानाचं नाक खाली दाबलं.

"दाबू नकोस. काटा चुकीचं दाखवतोय."

"कशावरून, सर?"

"सकाळीही अडकला होता."

"आणि मला आत्ता सांगताय?"

पंखाखाली एक बारीक नळी असते. समोरची हवा तिच्यात शिरते आणि त्या दाबावर काटा हलतो. नळीत पाणी साचलं की काटा भलतंच दाखवतो. पण इंजिनाची पॉवर ठरलेली आणि नाकाचा कोन ठरलेला ठेवला, तर वेगही ठरलेलाच राहतो. कावेरीने दोन्ही धरून ठेवलं. तिचे हात माझ्यापेक्षा स्थिर होते.

रेडिओवर मी अडचण सांगितली. कंट्रोलर बाई म्हणाल्या, "रडारवरचा तुमचा वेग मी दर मिनिटाला सांगते. उत्तर देऊ नका, विमान सांभाळा." आणि सांगत राहिल्या. त्यांना मी अजून पाहिलेलं नाही. आवाज मात्र कुठेही ओळखेन. आमच्या धावपट्टीजवळचं हेब्बाळचं तळं दिसलं तेव्हा ढगातून बाहेर होतो. थोड्या जास्त वेगातच उतरलो. जवळजवळ सगळी धावपट्टी लागली.

आमच्या प्रशिक्षण संस्थेच्या चीफने अण्णांना आणि मला ऑफिसात बोलावलं. "आज विमान उडायला कोणी सोडलं?"

"मी, सर," अण्णा म्हणाले.

"बघून सही करता की नुसती गिरवता? चौकशी होईपर्यंत सही बंद."

"सरी, सर." कन्नडमध्ये एवढाच होकार देऊन अण्णांनी पेन खिशाला लावलं आणि ते निघून गेले. निवृत्तीला त्यांचं एक वर्ष राहिलं होतं. मी तिथेच उभा होतो. बोललो नाही.

बाहेर कावेरी थांबली होती. "सर, तुम्ही सांगताय की मी सांगू?"

हे तिने विचारलं नसतं, तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी परत आत गेलो. सगळं सांगितलं, रजिस्टरमध्ये उशिराची नोंद केली, खाली सही केली. माझं शिकवणं दोन महिने बंद झालं. अण्णांची सही त्याच संध्याकाळी सुरू झाली.

हँगरमध्ये ते ती नळी साफ करत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तासाभराचं काम, सर. सकाळी सांगितलं असतंत तर जेवायच्या आधी विमान तुमच्या हातात दिलं असतं."

एक तास वाचवायला मी दोन जीव आणि एका माणसाचं नाव पणाला लावलं होतं. मी त्यांच्या शेजारी खाली बसलो.

"अण्णा, काटा बिघडलाय हे मला माहीत होतं. मी लिहिलं नाही. आणि आत तुम्हाला बोल लागला तेव्हा गप्प उभा राहिलो. ते जास्त वाईट होतं. मला माफ करा."