शाळा सोडल्याचं कारण

माझ्या जन्माच्या कितीतरी आधी मी शाळा सोडली होती. तसं रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे.

ते लिहिणाऱ्या सिस्टर आग्नेस काल पहाटे गेल्या.

आमच्या भागातली चर्चची शाळा. गावात सगळे 'सिस्टर लोकायची शाळा' म्हणतात. मीही तिथलीच. घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, तेव्हा स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी ठरवलं, नुसते फादर आणि देणगीदारांचे फोटो नकोत. खरा इतिहास लिहायचा.

म्हणून ऑफिसमधलं सगळ्यात जुनं दाखल-खारीज रजिस्टर उघडलं.

एका पानावर नाव होतं, कांचन. माझंच.

पुढे वडिलांचं नाव. ते माझ्या आईच्या वडिलांचं. गाव आंबागड, म्हणजे आईचं माहेर.

पण आईला बहीण नाही. आणि आईचं नाव कचराबाई. तिच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून हिला नजर लागू नये यासाठी असं नाव. शाळेचं विचाराल, तर आई आजवर एकच सांगत आली, "मी शाळेची पायरीबी चढली नाही."

मग ही कांचन कोण?

शेवटचा रकाना होता 'शाळा सोडल्याचे कारण'. इतर मुलांपुढे 'गाव सोडले', 'सतत गैरहजर'.

कांचनपुढे सिस्टरच्या अक्षरात दोनच शब्द.

माझी चूक.

माझ्या डोक्यात एकच शब्द आला. बोगस. पट वाढवायला कुणाचंही नाव घुसवलं असणार, आणि नंतर मन खाऊ लागलं असणार.

मी सरळ सिस्टरकडे गेले. त्या मूळच्या केरळच्या, पण मराठी आमच्या पोरांकडून शिकलेल्या. त्यामुळे बोलणं अगदी आमच्यासारखं.

"सिस्टर, ही मुलगी खरंच होती का?"

"होती न वं."

"मग कुठे आहे?"

"आईले विचार."

"आईला काय माहीत? लिहिलंय तुम्ही."

"काहून पोलिसावानी करून राहिली? आईले विचार म्हटलं न."

विषय टाळताहेत, माझी खात्रीच झाली. मग मला जुन्या गोष्टीही खटकू लागल्या. पहिलीत माझं नाव ऐकून त्यांनी हातातला खडू खाली ठेवला होता. विचारलं होतं, "कोणं ठेवलं हे नाव?"

तेव्हा का विचारलं असेल?

आईला मी विचारलंच नाही. अंगठा लावणाऱ्या बाईला रजिस्टरचं काय कळणार, असं वाटलं. हे लिहिताना आज लाज वाटतेय.

मसुद्यात मी लिहून टाकलं, 'सुरुवातीच्या काळात पटावर खोटी नावे असावीत अशी शका आहे.'

सिस्टरनी तो वाचून परत दिला. एक शब्द खोडला नव्हता. फक्त 'शका'वर राहिलेलं टिंब दिलं होतं.

काल सकाळी व्हॉट्सॲपवर बातमी आली. आई तांदूळ पाखडत होती. ऐकून तिने सूप बाजूला ठेवलं.

"तुयं नाव तिनंच ठेवलं."

"माझं नाव तर तू ठेवलं न?"

"पयले तिनं मले ठेवलं होतं."

मग आईने सांगितलं. हजेरीत 'कचरा' म्हटलं की पोरं ओरडायची, "झाडू आना रे!" एक दिवस सिस्टरनी ते नाव काढून रजिस्टरच्या नव्या पानावर कांचन लिहिलं. घरी कुणाला विचारलं नाही. आई मात्र नवं नाव नाचत नाचत घरी घेऊन आली.

आजोबा म्हणाले, "आज नाव बदललं, उद्या देव बदलतीन."

दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. त्या शाळेत गेली होती हे कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली.

सिस्टर तीनदा आंबागडला आल्या. "परत कचरा लिहितो, पोरीले पाठवा." तिन्ही वेळा आजोबांनी अंगणातूनच परत पाठवलं.

"मग माझं नाव ठेवताना आजोबा काही बोलले नाहीत?"

"टीव्हीतलं हाय म्हटलं."

पहिलीत सिस्टरनी माझं नाव विचारलं, त्यानंतर आईनेच जाऊन त्यांना विनवलं होतं, पोरीले सांगू नका.

घरी न विचारता नाव का बदललं, हा प्रश्न मला अजूनही पडतो. पण तो माझ्या आधी सिस्टरनी स्वतःला विचारला होता. 'सतत गैरहजर' लिहून मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही.

आज दुपारी चर्चमध्ये शवपेटीजवळ नोंदवही ठेवली होती. आईचं नाव लिहायला मी पेन उचलला.

"आन इकडं."

तिने पेन मुठीत धरला. मागे रांग थांबली होती. तिने घाई केली नाही.

कां. च. न.

टिंब द्यायला विसरली नाही.

सिस्टर, मसुद्यातलं ते वाक्य मी खोडलं. माझी चूक.

तुमच्या दोन्ही कांचनचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.