पदर पेटला तेव्हा

"पेटले गं, पाणी आण," मी ओरडले, आणि समोर मोबाइल धरून उभी असलेली माझी नात हसत म्हणाली, "लई भारी, आजी. अजून जोरात ओरड की." मी चुलीपुढे कडक भाकऱ्या थापत होते. पदर चुलीतून काढून मागे ठेवलेल्या जळत्या लाकडावर पडून पाठीमागून पेटला होता, तिला समोरून ते दिसत नव्हतं. महिनाभर ती माझ्याकडून मोबाइलवर टाकायला नाटकं करवून घेत होती. कधी भांडायचं, कधी रडायचं, कधी चक्कर येऊन पडायचं. लोक बघून हसायचे, म्हणून मीही करत गेले. हेही तिला तसलंच वाटलं. शेवटी मीच शेजारची कळशी अंगावर उपडी केली. ओल्या, जळक्या लुगड्याचा वास घरभर झाला, दंडाची कातडी सोललेली दिसली, तेव्हा कुठे तिचा मोबाइल खाली आला. "आजी, खरंच व्हतं व्हय?" तिने विचारलं. मी सोललेला दंड तिच्यापुढे धरला. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात मी बारा दिवस पडून होते. अजून कुठे कापड करपल्याचा वास आला की आगीच्या आधी मला तिचं हसू आठवतं. त्या दिवशी खरंच पेटलेली म्हातारी मीच, आणि मी वाचले.