बिनसांध्याची भिंत

साइटवर त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. ओळंबा म्हणजे दोरीला लटकवलेलं वजन. भिंत सरळ आहे की कललेली, ते कुणाची भीड न ठेवता सांगणारं. हाही तसाच. चाळीस वर्षं भिंतींना प्लास्टर केलं. कुणाच्या घरी गेला की आधी भिंतीचा दोष सांगायचा, मग नमस्कार करायचा.

त्याचा एकच नियम होता. भिंत सुरू केली की संपवूनच थापी खाली ठेवायची. मध्येच जेवायला उठलं, की प्लास्टरच्या वाळलेल्या मालाशेजारी ओला माल लागतो आणि तिथे सांधा दिसतो. वरून कितीही रंग फासा, दिसतोच. त्याच्या स्वतःच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात असा एक सांधा होता. बावीस वर्षं रोज त्याच्याकडे बघून तोंड वाकडं करत तो तिसऱ्या मजल्यावर, आपल्या घरी जायचा.

काम सुटलं आणि गुडघे कुरकुरायला लागले. बायको गेल्यापासून घरात एकटाच. मुलगी नर्स, दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावर राहायची. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, आता पुरे झाले जिने. माझ्याकडे चला राहायला."

"या घराच्या चारी भिंती माझ्या हातच्या आहेत."

"मग हात ठेवा इथे, गुडघे घेऊन चला."

हे त्याला झोंबलं. तिच्याच दवाखान्यात अर्धमॅरेथॉनचा कागद लावलेला होता. एकवीस किलोमीटर, मुदत तीन तास. तो म्हणाला, "एवढं तीन तासांत पुरं केलं, तर हा विषय बंद. नाही केलं, तर कपाट आवरायला घेतो."

ताप नसताना ताप आहे म्हणणाऱ्या पेशंटकडे बघावं, तसं तिने त्याच्याकडे बघितलं. मग हात पुढे केला. "लागली पैज. पण आधी तपासणी, आणि सहा महिने मी सांगेन तसा सराव."

सहा महिने त्याने एक दिवस चुकवला नाही. चुकला तो ऐन शर्यतीत, आणि चुकलाही गवंड्यासारखाच. माल ओला आहे तोवर हात झपाझप चालवायचा, ही सवय अंगात मुरलेली. त्याने पायांनाही तोच हुकूम सोडला. पहिले आठ किलोमीटर असा सुटला, की शेजारून धावणारा चष्मेवाला म्हणाला, "काका, दमानं. बरंच बाकी आहे अजून."

"माल सुकेल," तो म्हणाला.

चष्मेवाल्याने गोंधळून स्वतःच्या बुटांकडे बघितलं.

तेराव्या किलोमीटरला माल सुकला. पोटऱ्यांत गोळे आले, आणि प्रत्येक पावलाला गुडघ्यात कुणीतरी खिळा ठोकू लागलं. चष्मेवाला सकाळच्याच संथ चालीने मागून आला आणि पुढे गेला. जाताना काही बोलला नाही. माणूस भला.

सतराव्या किलोमीटरला मुलगी उभी होती. एका हातात मीठ-साखरेचं पाणी, दुसऱ्या हातात घरची प्लास्टिकची खुर्ची.

"बसा दोन मिनिटं."

त्याने खुर्चीकडे बघितलं. इतकी सुंदर खुर्ची त्याने जन्मात बघितली नव्हती.

"बसलो की सांधा पडेल."

"सांधेच तर गेलेत तुमचे! छातीत दुखतंय?"

"नाही."

"गरगरतंय?"

"नाही."

"मग काय होतंय?"

"गुडघे बडबडताहेत. तुझ्यासारखेच, न थांबता."

उभ्या उभ्या पाणी पिऊन तो निघाला. खुर्ची काखेत मारून ती थोडा वेळ बाजूने चालत राहिली, मग जवळच्या रस्त्याने पुढे गेली.

उरलेलं अंतर त्याने आठवायचंच नाही असं ठरवलं. परांचीवर उभा राहिलेला गवंडी अख्खी भिंत बघत नाही. हात पोचेल तेवढीच बघतो. इथे हात पोचत होता पुढच्या विजेच्या खांबापर्यंत. तो खांब झाला की त्यापुढचा. धावणं कधीच संपलं होतं, पाय ओढणं चालू होतं. पण तो थांबला नाही.

शेवटच्या रेषेवर पोचला तेव्हा घड्याळात तीन तास चार मिनिटं झाली होती. फलक गुंडाळायला सुरुवात झाली होती. पदकं वाटणारी मुलगी म्हणाली, "घ्या काका, चार मिनिटांचं काय एवढं!"

"मुदत तीनची होती. पाणी असेल तर दे."

त्याची मुलगी धावत आली. तो म्हणाला, "हरलो. कपाट आवरायला घेतो." पण चेहरा हरलेल्या माणसाचा नव्हता. संध्याकाळी थापी धुताना पूर्ण झालेल्या भिंतीकडे बघायचा, तसा होता.

घराचा जिना तो कठडा धरून चढू लागला. मागे ती, खुर्ची घेऊन. पहाटेपासून उभी होती. दुसऱ्या मजल्यावर तिने खुर्ची टेकवली आणि धापा टाकत स्वतःच बसली. तो वर गेला, कुलूप उघडलं आणि पेला घेऊन परत खाली आला.

"आता परत कशाला उतरलात?"

"तुला पाणी."

तिने त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं, वरच्या जिन्याकडे बघितलं, आणि हसत सुटली. "राहू दे ते कपाट."

"पैज म्हणजे पैज."

"जिंकलेय मी. मग मी ठरवणार. राहा वरतीच. दर रविवारी गुडघे दाखवायला यायचं, बस."

तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर त्याने बोट ठेवलं. "हा बघ सांधा. बरोबर इथे जेवायला उठला असणार गाढव."

"बाबा, बसा आता."

आता बसायला हरकत नव्हती. तो पायरीवर टेकला.