मावशीच्या वाट्याचं रक्त

अन्याय झाला तो पर्बतामावशीवर, आणि तो झाला बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी ऐन भरात असताना, एका सोमवारी सकाळी. त्या सकाळी दिग्रसहून यवतमाळकडे सुटलेल्या बसमध्ये तिचा नवरा चढायला हवा होता. तो चढला नाही. मावशी गेली ती मात्र यंदा, गेल्या महिन्यात. निरोप आला तेव्हा मी आर्णीच्या बाजारात सभेची पत्रकं वाटत होते. निरोप आणणारा म्हणाला, "सुटली तुमची मावशी." बाईच्या मरणाला कोणी 'सुटली' म्हटलं की एरवी मी भांडायला उठते. त्या दिवशी तेवढं त्राण नव्हतं... उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली आणि गाडी धरली.

माझी आई लहानपणीच गेली. तिच्या या धाकट्या बहिणीनं मला वाढवलं, दिग्रसच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडून शिकवलं. दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीतली माणसं घरातले देव नदीत सोडायला कचरत होती. "आज नको, उद्या पाहू," चाललं होतं. मावशीनं आपले देव टोपल्यात भरले, डोक्यावर घेतले आणि निघाली. पाण्यात रिते करताना म्हणाली, "एवढ्या वर्षांचा शेंदूर हाय बाप्पा, मासोळ्या लाल होतीन आता." सगळे हसले आणि मग एकेक जण आपलं टोपलं घेऊन आला. अशी बाई. तरी स्वतःचं दुखणं तिनं वर्षभर लपवलं. अंगावरून लाल जात होतं, पाळी नसतानाही जात होतं, आणि ती पहाटे उठून कपडे धुऊन टाकत होती. जिनात चक्कर येऊन पडली तेव्हा कुठे मला कळलं. तोवर ओठ पांढरेफटक झाले होते.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ निघाली, कॅन्सरची. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. म्हणाले, किरणांचा शेक द्यायचा आहे, पण आधी अंगात रक्त भरायला हवं. मी विचारलं, काहून? ते म्हणाले, किरण एकटे काम करत नाहीत. गाठीतल्या पेशीला प्राणवायू मिळत असेल तर किरणांचा घाव पक्का बसतो. पण गाठ भराभर वाढते, रक्ताच्या नळ्या तिच्या आत नीट पोचत नाहीत, आणि तिथे पेशी गुदमरलेल्या, अर्धमेल्या, तरी जिवंत बसून राहतात. त्यांच्यावर किरणांचा जोर चालत नाही. वरची गाठ वितळते, आतली उरते आणि पुन्हा वाढते. "प्राणवायू रक्तातून जातो, बाई. यांच्या अंगात रक्तच नाही, तर तो नेणार कोण? चुलीत लाकडं खच्चून भरली की मधलं लाकूड पेटत नाही ना, तसं समजा." मावशी पडल्या पडल्या म्हणाली, "मंग फुकणी आणा नं साहेब, घाला फुका!" डॉक्टरही हसले. म्हणाले, "फुकणीच आणायची आहे. रक्ताची बाटली हीच फुकणी."

माझं रक्त जुळलं नाही. मावशीच्या नवऱ्याचं, मावसाजींचं जुळलं, आणि दवाखान्याच्या साठ्यात त्या गटाची बाटली नव्हती. वेचणीतून ते एका दिवसासाठी आले होते. म्हणाले, वस्तीत सांगतो, सोमवारच्या गाडीनं येतो. आमच्याकडे मोठं काम वस्तीच्या बैठकीला विचारल्याशिवाय कोणी करत नाही. मावसाजींनी विचारलं. पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं, मान खाली घालून. बैठकीत उकंडाआजा, वस्तीतले सगळ्यांत वडील, म्हणाले, "तुहं रक्त तिच्या अंगात गेलं तं ते तुही बायको राह्यली का? एका रक्ताचे म्हंजे बहीण-भाऊ. मंग तिच्यासंग कोणत्या नात्यानं राहाशीन?" मागून कोणीतरी बोललं, "भाऊबीजेले ओवाळणी टाकजो लेका!" सगळी बैठक हसली. ज्या माणसांनी तेहतीस कोटी देव पाण्यात सोडले, त्यांच्या हातून हे एवढं सुटलं नाही.

सोमवार गेला. मावशी दाराकडे पाहत होती. "गाडी चुकली असन," ती मलाच समजावत होती. आणखी दोन दिवस डॉक्टर थांबले, पण रक्त जायचं थांबेना. शेवटी तसाच शेक सुरू केला. गाठ वितळली. वस्तीत पेढे वाटले गेले, उकंडाआजा म्हणाले, "पाह्यलं? कुठं लागलं रक्त?" पुढच्या पावसाळ्यात गाठ पुन्हा वर आली, आतून, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशीच. मी त्यांना विचारलं, रक्त मिळालं असतं तर? ते म्हणाले, "वाचल्याच असत्या असं मी म्हणणार नाही. पण किरणांना जी मदत हवी होती, ती आपण दिली नाही." मी हे वाक्य पत्रकात छापायला घेतलं होतं. छापलं नाही. कंटाळा आला होता लोकांना ओरडून सांगण्याचा...

मावशीनं नवऱ्याला बोल लावला नाही. एकदाच, ते ताटावरून नुसतेच उठले, तेव्हा म्हणाली, "भाऊ तं नाही झाले नं माहे? मंग रुसता कायले? जेवून घ्या." मावसाजी परत बसले. घास त्यांच्या हातातच राहिला.

मावशी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना संपली, माणसं भिंतीला टेकून बसली होती. मावसाजी उठले, सदऱ्याची बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे धरला. "पोरी, हे रक्त आता कोणाले चालते का, इचार त्या डॉक्टरले. कोणाचीबी बाई असो."

"आता कायले, लेका?" उकंडाआजा म्हणाले.

"तुमाले नाही इचारून राह्यलो, आजा."

कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पहिल्या बसनं गेलो. त्यांनी रक्त दिलं. कोणाला गेलं, आम्ही विचारलं नाही.

वाचक हो, दिलेलं रक्त नातं बदलत नाही. ते श्वास वाहून नेतं, काही महिन्यांत विरून जातं, आणि बायको बायकोच राहते. शोकाची पत्रं मला पाठवू नका. आज घरी जा, आपल्या बाईला समोर बसवा, तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा. आतून पांढरी दिसली तर दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरनं रक्त मागितलं, तर कोणालाही विचारायला घरी परतू नका. तिथंच बाही वर करा.