ताईच्या दारावरची बेल

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले तरी सगळे त्यांना ‘गाठीवाले’च म्हणत. वायरींचा जुडगा मेणाच्या दोऱ्याने ते असा काही बांधायचे, की साहेबलोक पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणायचे. एवढं कौतुक त्यांना जन्मभर पुरलं. माणूस तसा सुखी.

समोरच्या घरात त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. तिला ऐकू येईनासं झालं होतं, आणि कानातलं यंत्र ती घरात काढून ठेवायची. म्हणे डोकं उठतं. मागे तिचा मुलगा परगावहून आला आणि कितीतरी वेळ बेल दाबत दारात ताटकळला. आत ताई निवांत भाजी निवडत होती. पोराच्या जिवाचं पाणी पाणी झालं. “मामा, पुढच्या वेळी आईला घेऊनच जाणार,” त्याने बजावलं. घर सोडायचं म्हटल्यावर ताईचं जेवणच सुटलं.

मग गाठीवाल्यांनी कंबर कसली. बेल दाबली की ताईच्या प्रत्येक खोलीत दिवा लुकलुकायला हवा. त्यांच्या मुलीने मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटाएवढा संगणकच, आणून त्यात प्रोग्रॅम घालून दिला. वायरी जोडायचं काम बाबांचं. टेबलावर सगळं झकास चालायचं. मग हे जुडगा करकचून बांधायचे, सगळं डबीत घालून भिंतीवर लावायचे, आणि दिवा ढिम्म! दोऱ्याच्या ओढीने कुठली ना कुठली वायर निसटलेली असायची.

“बाबा, या वायरी पिनांवर नुसत्या खोचलेल्या असतात,” मुलगी म्हणाली. “हा घ्या ब्रेकआउट बोर्ड. मायक्रोकंट्रोलर यात बसवायचा. मग प्रत्येक पिनेला बाजूला स्वतःचा स्क्रू मिळतो.”

“म्हणजे माझ्या गाठी नकोत, असंच ना?”

“हव्या तेवढ्या मारा. पण आधी स्क्रू आवळा!”

गाठीवाले फुगून बसले. बोर्डाकडे ढुंकूनही बघेनात. तेवढ्यात भाच्याचा फोन आला, रविवारी येतोय. मुकाट्याने त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला. वायर सोलली, भोकात घातली, स्क्रू आवळला, ओढून पाहिली. हलायचं नाव नाही. दुसरी लावता लावता त्यांचा चेहरा खुलला. एक्स्चेंजमध्येही यंत्राला कोणी हात लावत नसे. सगळ्या वायरी आधी फ्रेमवर, म्हणजे भल्यामोठ्या लोखंडी चौकटीवर, यायच्या आणि तिथेच जोडल्या जायच्या.

“अगं, ही तर आमची फ्रेम! खिशात मावणारी!” ते ओरडले. मग सगळे स्क्रू आवळून झाल्यावर त्यांनी हौसेने मेणाचा दोरा काढला, जुडगा बांधला आणि डबी ताईच्या भिंतीवर लावली.

रविवारी भाचा मोठी रिकामी बॅग घेऊन दारात उभा राहिला. मामा शेजारी. भाच्याने बेल दाबली. थांबवेना म्हणून पुन्हा दाबली, पुन्हा पुन्हा दाबली.

दार धाडकन उघडलं. ताई ओल्या हातांनी उभी.

“किती दाबशील रे? मी काय बहिरी आहे?”

भाचा हसता हसता रडायलाच लागला. संध्याकाळी बॅग रिकामीच परत गेली.