रुमियानाबाईंचा भोंग्यावरचा वर्ग

मार्च महिन्यात साथीमुळे सरकारने शाळा बंद केल्या, तेव्हा आमच्या गावच्या मुख्याध्यापिका रुमियाना चौशेवा थेट माझ्याकडे, ग्रामकचेरीत आल्या. मी तिथली कारकून. बाईंनी मलाही शिकवलेलं, त्यामुळे त्या आत आल्या की मी अजूनही उठून उभी राहते.

"बस गं स्तान्का. मला सांग, चौकातला तो भोंगा कोण वापरतं?"

"मीच. पाणी जाणार असेल तर, नाहीतर कुणी गेलं तर."

"उद्यापासून मी वापरीन."

शहरातल्या शाळा मोबाईलवर भरत होत्या. पण आमचं गाव रोडोपीच्या डोंगरांत खोल बसलेलं. मोबाईलला रेंज मिळायची ती फक्त दफनभूमीच्या भिंतीपाशी, आणि तिथे मुलांना पाठवायचं कसं? म्हणून दुसऱ्या दिवसापासून न्याहारीनंतर बाई माझ्या टेबलाशी, माइकसमोर बसून शुद्धलेखन घालायला लागल्या. शाळेतले दुसरे शिक्षक म्हणजे स्पास मास्तर. ते गणित घ्यायचे. त्यांचं आणि बाईंचं कधी पटलं नाही.

"मास्तर, माइकवर खोकू नका. अख्खं गाव घाबरेल."

"तुमचं व्याकरण ऐकून आधीच घाबरलंय."

म्हातारी माणसं गॅलरीत खुर्च्या टाकून ऐकायची. ग्युर्गा आजीने एकदा रस्त्यातच बाईंना अडवलं. "अगं, जरा सावकाश सांगत जा. तुझ्या स्वल्पविरामापायी माझे मोज्याचे टाके सुटतात." गावभर हशा पिकला.

बाई मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. माइक बंद केला की विचारायच्या, "ऐकलं असेल का गं कुणी?"

"सगळे ऐकतात, बाई."

"कशावरून? वर्गात मुलांचे डोळे बघितले की कळतं, कुणाला समजलं, कुणाचं लक्ष बाहेर आहे. इथे मला उत्तर देतो तो समोरचा डोंगर. तोही माझंच वाक्य चोरून."

मग त्या शाळेत जायच्या. तिथे काही काम नसायचं. एकदा पाण्याची मोटर बघायला म्हणून मी गेले, तर बाई पहिलीच्या वर्गात, त्या बुटक्या बाकावर गुडघे मुडपून बसलेल्या. पुढ्यात पावट्याच्या भाजीचा डबा.

"घरी का नाही जेवत?"

"घरी एकटीच असते, त्याची सवय आहे," बाई म्हणाल्या. नवरा वारून बरीच वर्षं झालेली, मुलगा स्पेनमध्ये. "इथे एकटी असायची सवय नाही, ती लावून घेतेय. मुख्याध्यापिका म्हणजे काय गं? कुलूप उघडायला पहिली, लावायला शेवटची. पण मधे कुणीतरी असतं म्हणून त्याला अर्थ. आता मधे कुणीच नाही."

सप्टेंबरात शाळा उघडली. बाईंनी नवा निळा झगा शिवून घेतला होता. पण पानं गळायला लागली तशी साथ परत आली आणि शाळा पुन्हा बंद झाली. त्याच सुमारास स्पास मास्तरांना ताप भरला. त्यांना शहरातल्या इस्पितळात नेलं. बाई आदल्या दिवशी त्यांच्याशी बोलत बसलेल्या, म्हणून त्यांना घरातच कोंडून घ्यावं लागलं.

मास्तर परत आले ते बंद पेटीतच. अंत्यविधीला त्यांची बायको मिल्का, पाद्री आणि पेटी उचलणारे, एवढेच. बाईंनी खिडकीतून फक्त गाडी जाताना पाहिली. मरणाची बातमी भोंग्यावर सांगायचं काम माझं. मास्तरांचं नाव घेताना एकच गोष्ट मनात होती, की बाई हे आपल्या स्वयंपाकघरात एकट्या ऐकत असतील.

बाहेर पडायची मुभा मिळाली त्या सकाळी बाई कचेरीत आल्या. गणिताचा वार होता.

"बाई, आज राहू द्या."

"मुलं वाट बघत असतील." त्यांनी माइक ओढून घेतला.

एरवी माइक शिट्टी मारतो म्हणून आम्ही खिडकी लावून घ्यायचो. पण साथीमुळे खोल्या हवेशीर ठेवायचा हुकूम आला होता, तेव्हा ती सताड उघडी होती. बाईंनी गणित घातलं. "अठ्ठेचाळीस अधिक सदतीस. आठ आणि सात पंधरा, पाच मांडले. चार आणि तीन सात. म्हणजे पंच्याहत्तर." आणि त्या थांबल्या. काहीतरी चुकलंय हे त्यांना जाणवलं, पण काय ते सुचेना. चौकात चिटपाखरू नव्हतं.

तेवढ्यात वरच्या आळीतून आवाज आला, "बाई, हातचा एक राहिला!"

ती तिसरीतली कालिना. मग पुलापलीकडून कुणीतरी ओरडलं, "पंच्याऐंशी, बाई!" मग आणखी कुणी, मग चार-पाच घरांतून एकदमच. गॅलरीतून ग्युर्गा आजीही ओरडली, "पंच्याऐंशी गं! मलासुद्धा आलं!"

बाईंनी तोंडावर पदरासारखी शाल धरली. मी माइक बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी तो हलकेच बाजूला सारला.

"बरोबर," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "हातचा विसरायचा नसतो. आता पुढचं घ्या."

वसंतात मुलं वर्गात परतली, पण दोन कुटुंबं तोवर गाव सोडून गेली होती. पुढच्या उन्हाळ्यात वरून निर्णय आला की एवढ्या मुलांसाठी शाळा चालवणं परवडत नाही, मुलं बसने शहरात जातील. बाईंनी भांडून बघितलं. मग निवृत्ती घेतली. मुलगा स्पेनला बोलावत होता, गेल्या नाहीत.

अधूनमधून त्या मिल्काकडे कॉफीला जातात. मिल्का एकदा म्हणाली, "तुमच्याशी भांडून आले की हे दोन घास जास्त जेवायचे." बाई हसल्या खऱ्या, पण कप तसाच राहिला.

शाळेच्या नव्या वर्षी बस पहिल्यांदा आली, तेव्हा बाई कचेरीसमोरच्या आपल्या फाटकाशी जिरेनियमच्या कुंडीला पाणी घालत होत्या. मुलांनी काचेतून हात हलवले. बाईंनीही हलवला. बस वळणाआड गेली तरी झारी तशीच तिरकी, पाणी कुंडीवरून ओघळून रस्त्यावर येत होतं.

"बाई, कॉफी ठेवू का?" मी कचेरीच्या पायरीवरून हाक मारली.

"नको गं," त्या म्हणाल्या. "आज नको."