टॉवेलाखालचा कीबोर्ड

आजवर मी एकाच बाईवर जळलो आहे, आणि ती माझी बायको आहे.

चौसाळ्यात हायवेला लागून आमचं टायपिंगचं दुकान आहे. मी शिकलो ते खटखट करणाऱ्या जुन्या मशीनवर. पुढे कॉम्प्युटर आला, पण माझ्या बोटांनी मशीनवरचीच मांडणी धरून ठेवली. सुनंदा मात्र लग्नानंतर क्लास लावून इन्स्क्रिप्ट शिकली. त्या मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि बोलू तशी अक्षरं दाबत जायची. घरचं उरकून ती दुपारी दुकानात मदतीला यायची आणि गप्पा मारत, कीबोर्डकडे न बघता, माझ्या आधी पान संपवायची. (मदतीला काही मर्यादा असावी की नाही!)

हळूहळू गिऱ्हाइकं दारातूनच विचारायला लागली, वैनी कधी येणार? मी तिथंच बसलेलो असायचो. मालकाच्या खुर्चीत, पंख्याखाली, चांगला दिसेल असा.

हेही मी गिळलं असतं. पण गोष्ट सप्ताहाच्या पत्रिकेवर आली. गावच्या हरिनाम सप्ताहाची पत्रिका दरसाल मीच टाइप करायचो. कीर्तनकार, मृदंगवाले, पंगतीचे अन्नदाते, सगळे माझ्या बोटांखालून जायचे आणि अगदी तळाला बारीक अक्षरात माझं नाव यायचं. त्या एका ओळीवर मी वर्षभर ताठ मानेनं फिरायचो. यंदा सप्ताहाचं बघणारे बप्पा मजकुराचा कागद घेऊन आले. सुनंदा पंचमीला माहेरी, तलवाड्याला गेल्याचं त्यांनी ऐकलं आणि कागद घडी करून परत खिशात घातला.

"ऱ्हाऊ द्या, वैनी आल्यावर येतो," ते म्हणाले. "त्यांचा हात लई झपझप चालतो."

ती परत यायच्या आत इन्स्क्रिप्ट शिकायचंच, असं मी ठरवलं. कॉम्प्युटरवर मांडणी बदलली. अक्षरं छापून, कातरून, गोंदानं एकेका बटणावर चिकटवली. पण मग नजर सारखी खाली जायला लागली. आमचे टायपिंगचे सर अशा पोरांच्या हातांवर टॉवेल टाकायचे. मीही खांद्यावरचा टॉवेल काढला, हातांवर पांघरला आणि बसलो. इतकी वर्षं डाव्या हाताला राहणारा 'क' आता उजवीकडे राहायला गेला होता, पण बोट आपलं जुन्याच घराचं दार वाजवायचं आणि आतून भलताच कुणीतरी बाहेर यायचा. मला घाम फुटायचा, मी दात आवळायचो, मधूनच कण्हायचो.

चारसहा दिवसांत जुनी मांडणी बोटांतून गेली आणि नवी काही आली नाही. अर्ज टाइप करायला कुणी आलं, की मी दुकान बंद आहे असं सांगायचो. (उघड्या दुकानात बसून, हात टॉवेलाखाली ठेवून!) समोरच्या चहावाल्यानं हाताला काय झालं म्हणून विचारलं. टॉवेल काढावा, तर ती चिकटवाचिकटव दिसणार. मी म्हणालो, काही नाही, उगं जरा.

हे 'उगं जरा' स्टँडवर पोचलं तेव्हा हाताला मार लागलेला होता. जीपवाल्याबरोबर तलवाड्याला पोचेपर्यंत माझ्या दोन्ही हातांवरून वारं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर जीप थांबली. सासरे, सासूबाई, सुनंदा, केळी, बिस्किटांचे पुडे आणि शहाळी, अशी सगळी उतरली. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. आता माझ्यापुढं दोन वाटा होत्या. मामी, मी तुमच्या लेकीवर जळतो, असं सांगायचं, किंवा आजारी पडायचं.

"बधिर झाल्यात," मी म्हणालो.

सासूबाईंनी घरची हळद आणलीच होती. तेलात गरम करून त्यांनी लेप दिला आणि कोपरापर्यंत दोन्ही हात फडक्यात गुंडाळले. सासरे केळं सोलून घास भरवायला लागले. बप्पांना याच वेळी यायचं होतं. त्यांनी मला आराम करा म्हणून सांगितलं आणि पत्रिकेचा कागद सुनंदाच्या हातात दिला.

ती माझ्या खुर्चीत बसली आणि टॉवेल बाजूला केला. ती वेडीवाकडी चिकटवलेली अक्षरं तिनं पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. बप्पांचा चहा संपायच्या आत पत्रिका तयार होती, आणि तळाला बारीक अक्षरात माझंच नाव होतं. मोठं मनही हिलाच असावं, याचा मला त्या घटकेलाही राग आला. पण तोंडात केळं होतं.

पाहुणे गेल्यावर तिनं माझ्या हातांवरची फडकी सोडली.

"मला कावून इचारलं न्हाई? शिकवलं असतं की."

"तुझाच हेवा वाटत होता, तर तुलाच कसं विचारू?"

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग स्वतःच्या हातानं माझ्या हातांवर टॉवेल टाकला आणि रोज दुपारी शिकवायला लागली.

दिवाळीत तलवाड्याला गेलो तेव्हा माझी बोटं इन्स्क्रिप्टवर पळत होती. मेव्हण्याच्या कॉम्प्युटरवर मुद्दाम सगळ्यांच्या देखत बसलो आणि खाली न बघता पानभर मजकूर टाइप केला. सासऱ्यांनी शेजारीपाजारी बोलावून आणले. मी कॉलर सरळ केली.

"बघा," सासरे म्हणाले, "वारं गेलेला हात हाय ह्यो! आमच्या हिच्या हळदीचा गुण."

तेव्हापासून सासूबाईंकडं थेट घाटनांदूरहून माणसं हात दाखवायला येतात. बायकोवर जळणं मी आता सोडलं आहे. सध्या मी हळदीवर जळतो.